'नस' आणि क्लैब्यविषयक मराठी लेखन

मराठीत 'नस' हा शब्द दोन भिन्न वस्तूंसाठी योजला जातो. रक्त वाहून नेणारी नलिका ती नस, आणि संवेदना व आज्ञा वाहून नेणारा तंतू तीही नसच. पुस्तकी मराठीने दुसरीसाठी 'मज्जातंतू' आणि 'चेतातंतू' हे शब्द घडविले. बोलण्यात मात्र त्यांचा शिरकाव फारसा झाला नाही. क्लैब्याविषयी मराठीत जे लिहिले गेले त्याचे परीक्षण या एका शब्दापासून आरंभिणे सोयीचे ठरते.

चरकाने क्लैब्याचे चार प्रकार मानले : बीजोपघात, ध्वजभंग, जरा आणि शुक्रक्षय. सोळाव्या शतकातील भावमिश्राने सात सांगितले, आणि त्यांत मानस क्लैब्याच्या जोडीला शिराच्छेदाने उद्भवणाऱ्या क्लैब्याला स्वतंत्र स्थान दिले. त्याची शिरा ही वीर्यवाहिनी होती, मज्जातंतू नव्हे. तथापि वाट तुटली म्हणून कार्य थांबले, ही विचारसरणी शुद्ध शारीरिक आहे. विसाव्या शतकातील लोकप्रिय आरोग्यलेखनाने या परंपरेतून शुक्रक्षय तेवढा उचलला आणि त्यास ब्रह्मचर्योपदेशाची जोड दिली. परिणामी रोग हा शीलाचा दाखला ठरला.

या समजुतीवर मराठीत सर्वांत कठोर प्रहार केला तो र. धों. कर्वे यांनी. 'समाजस्वास्थ्य' हे मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत चालविले. वीर्यनाशाने शरीर खचते हा समज त्यांनी निःसंकोचपणे खोडून काढला. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. कर्व्यांच्या कार्याचे मोल निर्विवाद आहे. परंतु पापाची जागा रिकामी झाल्यावर तेथे मज्जातंतू आला नाही. आले ते मन. हा दोष एकट्या मराठीचा नव्हे. मास्टर्स व जॉन्सन यांनी १९७० मधील आपल्या ग्रंथात बहुसंख्य रुग्णांचे कारण मानसिकच मानले होते. 'भीती सोडा' हा सल्ला 'संयम पाळा' यापेक्षा दयाळू खरा, पण ज्याचा तंतूच निकामी झाला आहे त्याला तो तितकाच निरुपयोगी.

वस्तुतः एकहार्ड याने १८६३ मध्येच कुत्र्यांवरील प्रयोगांत त्रिकभागातून निघणाऱ्या मज्जातंतूंना उत्तेजन देऊन उत्थान घडवून दाखविले होते. मनुष्यात हे तंतू दुसऱ्या ते चौथ्या त्रिकमूळांतून येतात. कल्पनेने जागृत होणाऱ्या उत्थानासाठी पाठीच्या खालच्या व कमरेच्या वरच्या भागांतील केंद्रही साहाय्य करते. म्हणूनच मज्जारज्जू वरच्या भागात तुटला तरी स्पर्शजन्य उत्थान पुष्कळदा टिकते, आणि त्रिकमूळे चिरडली तर तेच नष्ट होते. तंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड स्रवते, रक्तवाहिन्या शिथिल होतात आणि रक्त भरते. १९९८ साली बाजारात आलेली सिल्डेनाफिलची गोळी या क्रियेची पुढची पायरी लांबविते; पहिला संदेशच न आल्यास तिला लांबविण्याजोगे फारसे काही उरत नाही. मधुमेहात बारीक स्वायत्त तंतू हळूहळू झिजतात. अशा रुग्णात पहाटेचे उत्थानही मंदावते, आणि निव्वळ मानसिक क्लैब्यात ते बहुधा कायम असते. इतकी साधी खूणही लोकप्रिय मराठी पुस्तकांत क्वचितच आढळते.

धारूर तालुक्याकडे पाहिले असता ही उणीव केवळ ग्रंथगत राहत नाही. बालाघाटच्या या माथ्यावरून दरसाल हंगामात ऊसतोडीला टोळ्या जातात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे हा त्यांचा नित्यक्रम. 'कमरेत नस दबली' ही तक्रार तेथे कोणीही लाजेविना सांगतो, आणि ती शास्त्रदृष्ट्या अचूकही असते, कारण सरकलेली चकती मज्जामूळच दाबते. मात्र हे वाक्य पायापर्यंत येऊन थांबते. त्याच जागेतून त्रिकमूळेही खाली उतरतात. मोठी चकती त्यांवर आली तर बसण्याच्या जागी बधिरता येते, लघवी अडते, आणि उत्थानही जाते. तेव्हा शस्त्रक्रियेला अवधी थोडाच असतो. लघवीचे रुग्ण सांगेल. तिसरे लक्षण त्याच्या मते नशीचे नसून चारित्र्याचे किंवा मनाचे असल्याने तो गिळून टाकील.

नस आणि ही तक्रार छापील अक्षरांत शेजारी दिसतात ती तेल विकणाऱ्यांच्या भिंतीवरील जाहिरातींत, 'नसांची कमजोरी' या शब्दांत. वैदूची नस बहुधा रक्ताचीही नसते आणि तंतूचीही नसते. तरी रुग्ण तिकडे वळतो, कारण तेथे त्याला दोष दिला जात नाही. आरोग्यपुस्तिका लिहिणाऱ्याने 'चेतातंतुजन्य क्लैब्य' असा नवा समास घडविण्याऐवजी 'नस दबली' या रूढ वाक्याखाली पाय, लघवी आणि उत्थान ही तिन्ही लक्षणे एका ओळीत मांडली, तर ऊसतोड्याला ती वाचून घेण्यास कोणाची मध्यस्थी लागणार नाही.