रंगांची तेरीज

लग्नपत्रिका कॉम्प्युटरच्या पडद्यावर नेहमीच देखणी दिसते. स्थळाचा फोटो दिसतो, तशीच. झगझगीत केशरी गणपती, मोरपंखी वेलबुट्टी, सगळं कसं लखलखीत! मग पाचशे प्रती छापून घरी येतात आणि वधूपिता विचारतो, "अहो, हा गणपती असा आजारी का दिसतोय?"

यात लबाडी कुणाचीच नसते. खातीच मुळात वेगळी. पडद्याचं खातं जमेचं. लाल, हिरवा आणि निळा उजेड जमा करत गेलं की शेवटी पांढरा होतो. छपाईचं खातं वजावटीचं. कागदावर पडलेल्या उजेडातून सायन, मॅजेंटा आणि पिवळ्या शाईनं आपापला हिस्सा कापून घ्यायचा आणि उरेल तो आपल्या डोळ्यांना द्यायचा. तिघी मिळूनही पुरता काळोख होत नाही, म्हणून चौथी काळी शाई नेमावी लागते. अशा खात्यावर झगझगीत केशरीचा चेक फाडला तर तो परतच येणार!

ही नामुष्की आधी कळावी म्हणून 'सॉफ्ट प्रूफ' नावाची सोय आहे. अमुक यंत्र, अमुक शाई, अमुक कागद यांची रंगांतली ऐपत एका फायलीत नोंदलेली असते. तिला प्रोफाइल म्हणतात. या फायली सगळीकडे सारख्याच वाचता याव्यात म्हणून १९९३ साली आठ कंपन्यांनी इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियम काढलं. फोटोशॉपमध्ये योग्य प्रोफाइल निवडून कंट्रोल आणि वाय दाबलं की पडदा त्या ऐपतीतले रंग दाखवतो. कागदाचा रंगही दाखव म्हटलं, तर पांढरा मळकट होतो आणि काळा करडा पडतो. गिऱ्हाईक ओरडतं, "बिघडवलंत की हो!" डिझायनर निमूटपणे ते बंद करतो. माझी तक्रार इथेच आहे. तेरीज आवडली नाही म्हणून वहीच मिटायची, हा कुठला हिशेब?

अर्थात कॉमर्सच्या पोरांना तेरजेबरोबर हेही शिकवतात, की ती जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतोच असं नाही. सॉफ्ट प्रूफचं तेच. मुळात पडदाच मापून लावलेला नसेल, किंवा गुळगुळीत आर्ट पेपरचं प्रोफाइल लावून छपाई खरखरीत हातकागदावर केली, तर ते बेधडक चुकीचं सांगतं. सोनेरी वर्खाची चमक तर त्याला दाखवताच येत नाही.

तरी माझं मत त्यालाच. पडद्यावर गणपती फिका पडलेला दिसला तर केशरीची छटा बदलता येते, दुसरा कागद घेता येतो, एक प्रत खऱ्या कागदावर काढून दिवसाउजेडी पाहता येते. पाचशे छापून झाल्यावर फक्त बिल भरता येतं. आणि त्याचा आकडा मात्र पडद्यावर आणि कागदावर अगदी सारखा असतो.