उपऱ्यांचे चित्रपट : आस्वादाविषयी काही विचार

उपऱ्या माणसाविषयीची कलाकृती पाहताना रसिकाने स्वतःस एक प्रश्न अवश्य विचारावा : हा मनुष्य बाहेरचा ठरला तो कोणाच्या दारापासून? हा प्रश्न न विचारता जी दाद दिली जाते, ती बहुधा कलेस नसून आपल्याच दयाबुद्धीस दिलेली असते. अमेरिकेतील मोठ्या चित्रसंस्थांपासून अलिप्त राहून, अल्प भांडवलावर निर्माण झालेले दोन चित्रपट आणि त्यांच्या जातकुळीची एक मराठी चित्रकृती यांचा विचार आम्ही येथे याच दृष्टीने करणार आहोत.

चार्ल्स बर्नेट यांचा ‘किलर ऑफ शीप’ (१९७८) हा मूळचा विद्यापीठाच्या पदवीसाठी केलेला चित्रपट. लॉस एंजलिसमधील वॉट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तो चित्रित झाला. त्यातील गीतांचे हक्क मिळविण्याच्या अडचणींमुळे चित्रपटगृहांत रीतसर यावयास त्यास २००७ साल उजाडावे लागले. नायक स्टॅन हा कत्तलखान्यात राबणारा संसारी गृहस्थ असून त्याची झोप उडाली आहे. एके प्रसंगी तो आणि त्याचा मित्र मोटारीचे जुने एंजिन विकत घेतात, घाम गाळून जिना उतरवतात आणि गाडीच्या पाठीमागे ठेवतात. गाडी हलते, एंजिन रस्त्यावर पडते आणि निकामी होते. यावर कोणी भाष्य करीत नाही. दारिद्र्याविषयीचे शंभर उद्गार जे सांगू शकले नसते, ते त्या पडलेल्या लोखंडाने सांगितले आहे.

केली रायकार्ट यांचा ‘वेंडी अँड लूसी’ (२००८) याहून एकाकी आहे. कामाच्या शोधात अलास्काकडे निघालेल्या वेंडीची मोटार ऑरेगॉनमधील एका गावी बंद पडते. कुत्रीसाठी अन्न चोरताना ती पकडली जाते, आणि सुटून येते तो कुत्री नाहीशी झालेली असते. पुढे कुत्री सापडते. पण तिला पोसणे आपल्यास शक्य नाही हे ओळखून वेंडी तिला एका घरी ठेवते व मालगाडीत चढून निघून जाते. येथे खलपुरुष कोणीच नाही. जो तो आपापल्या नियमाप्रमाणे वागतो, आणि त्या नियमांच्या बेरजेतून एक मनुष्य रस्त्यावर येतो.

या दोन्ही चित्रपटांशी नागराज मंजुळे यांचा ‘फॅन्ड्री’ (२०१३) ताडून पाहावा. वेंडीला निदान मालगाडी आहे. स्टॅनला आपल्याच लोकांची वस्ती आहे. गावाच्या कडेला राहणाऱ्या कैकाडी कुटुंबातील जब्याला यांपैकी काहीच नाही. त्याचे ‘बाहेर’ दूरदेशी नसून गावाच्या सीमेतच आखलेले आहे. तो शाळेत जातो, वर्गातील शालूवर जीव टाकतो, काळ्या चिमणीच्या मागे हिंडतो; आणि गावाने हुकूम करताच त्याच्या बापास, कचरूस, डुकरे धरावी लागतात, तीही शाळेजवळ, वर्गसोबत्यांच्या देखत. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनाने कैकाडी समाजाचे जे जगणे मराठी साहित्यात आणले, ते येथे पडद्यावर आले आहे. किशोर कदम यांचा कचरू पाहताना तर अभिनय कोठे संपला व ओझे कोठे सुरू झाले, हे सांगता येऊ नये.

डुक्कर हाती लागण्याच्या बेतात असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि ते कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभे राहते, हा प्रसंग आम्हांस बर्नेट यांच्या एंजिनाच्या तोडीचा वाटतो. त्यात हसू आहे आणि ते घशात अडकते. याउलट, मारलेले डुक्कर वाहून नेले जात असता मागील भिंतीवर डॉ. आंबेडकरांदी थोर पुरुषांची चित्रे दिसतात, तेथे दिग्दर्शकाचे बोट किंचित दिसते, असा आक्षेप घेता येईल. आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि अशी चित्रे आमच्यासारख्यांच्या शाळांच्या भिंतींवर खरोखरच रंगविलेली असतात. दिग्दर्शकाने ती कल्पनेने आणलेली नाहीत. भिंतीवर चित्र आणि भिंतीखाली हसणारी मुले, हा विरोध आधी वास्तवाने रचला आहे. शिक्षकांनी तरी त्यास अतिरेक म्हणू नये. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या रोखाने येतो. वेंडी निघून जाते. जब्या जाऊ शकत नाही, म्हणून दगड येतो. दोन्ही शेवट आपापल्या भूमीतून उगवलेले आहेत.

आता आमच्या जिल्ह्याविषयी. ‘फॅन्ड्री’ हा डुकरास असलेला कैकाडी शब्द महाराष्ट्रातील प्रेक्षकास परका वाटला. आदिलाबादेत तेलुगू ‘पंदि’ कानी पडत असल्याने त्याचे गोत्र आम्हांस चटकन उमगते. १९५६ साली किनवट व राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून पलीकडे गेले आणि येथील मराठी भाषक राज्याबाहेर राहिला. त्यामुळे स्वतःस उपरा म्हणवून घेण्याचा मोह आपल्यास वारंवार होतो. तो आवरावा. भाषेने सीमेपलीकडे राहणे आणि जातीने गावकुसाबाहेर राहणे ही एका मापाची दुःखे नव्हेत. शिवाय या डोंगराळ मुलखात गोंड व कोलाम आधीपासून नांदत आले. त्यांच्या जमिनी बाहेरून आलेल्यांच्या हाती गेल्या आणि त्या आलेल्यांत मराठी बोलणारे शेतकरीही होते. जोडेघाट येथे १९४० साली कोमरम भीम धारातीर्थी पडले ते याच जल, जंगल, जमिनीच्या हक्कासाठी. तेव्हा येथे दाराच्या आत कोण आणि बाहेर कोण, याचे उत्तर आपण समजतो तितके सोयीचे नाही.

म्हणून अशा चित्रपटांचा खरा आस्वाद करुणेने सुरू झाला, तरी करुणेवर थांबू नये. एंजिन पडताना, मालगाडी सुटताना, राष्ट्रगीत चालू असताना आपण कोठे उभे होतो, हे ज्यास दिसले त्यास कलाकृती दिसली. ज्यास केवळ उपऱ्याचे दुःख दिसले, त्याने अर्धाच चित्रपट पाहिला असे आम्ही म्हणू.