वर्दीतला साक्षीदार

डेव्हिड क्लार्क हा अमेरिकेतल्या मिलवॉकीचा काळा शेरीफ. २०१७ साली पद सोडून तो लगेच ट्रम्प-समर्थक संघटनेत गेला. फॉक्स न्यूजवर मात्र आधीपासूनच बोलत होता. जुलै २०१६ च्या रिपब्लिकन अधिवेशनात, फ्रेडी ग्रे या काळ्या तरुणाच्या मृत्यूप्रकरणी एक पोलीस अधिकारी सुटल्याची बातमी त्याने आनंदाने सांगितली. त्याआधी तीनच महिने त्याच्या अखत्यारीतल्या तुरुंगात टेरिल थॉमस हा काळा कैदी तहानेने मेला होता. कोठडीचे पाणी सात दिवस तोडलेले. महाडच्या वारसांना हे वेगळे समजावायला नको.

क्लार्कच्या युक्तिवादात नवे काही नाही. गोरे प्रस्थापित तेच म्हणत आले. त्यांना हवी होती ते वदणारी काळी कातडी, आणि तिच्यावर वर्दी. (असले साक्षीदार आपल्यातही आहेत.) ब्लॅक पँथरवरून १९७२ साली नाव घेणाऱ्या चळवळीने त्याचा रंग पाहून भुलू नये, त्याचा तुरुंग पाहावा. थॉमसप्रकरणी फौजदारी खटले झाले ते हाताखालच्या तिघांवर. क्लार्क बोलतच राहिला.