यंत्र कोसळतं तेव्हा ते कोणाशी बोलतं?

आज आपण एका फार छोट्या मजकुराची समीक्षा करणार आहोत. संगणक चालता चालता अचानक थांबतो, पडदा निळा होतो आणि त्यावर चार ओळी उमटतात, तो हा मजकूर. आवडीने कुणी वाचत नाही, पण वाचलेला मात्र आपण बहुतेकांनी आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. निळा पडदा म्हणजे बिघाड नव्हे, ती बिघाडाची कबुली आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला जेव्हा कळतं की मेमरीतल्या माहितीवर आता भरवसा ठेवता येत नाही, तेव्हा तो मुद्दाम थांबतो. तसंच रेटलं तर चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाईल आणि शाबूत आहे तेही जाईल. ‘मला माझीच खात्री उरली नाही, म्हणून मी थांबतो’, हा विवेक झाला. माणसांनाही तो सहजी जमत नाही, नाही का?

आता हा विवेक वापरणाऱ्याला सांगितला कसा जातो ते बघू. १९८४ च्या मॅकिंटॉशवर सुझन केअर यांनी काढलेलं बॉम्बचं चित्र यायचं, सोबत दिलगिरीची एक ओळ आणि एक क्रमांक. १९८५ च्या अमिगावर काळ्या पडद्यावर लाल चौकटीची उघडझाप व्हायची आणि आत ‘गुरू मेडिटेशन’ असे शब्द. ही प्रोग्रॅमर मंडळींची आपसातली थट्टा. पण ज्याचं दुपारभराचं लेखन गेलं, त्याने यातून काय समजायचं? १९९३ च्या विंडोज एनटीने दुसरं टोक गाठलं: पडदाभर आकडे. ते तंत्रज्ञासाठी होते.

विंडोज एक्सपीपासून विंडोज ७ पर्यंतच्या निळ्या पडद्यावर मात्र एक मोलाचं वाक्य होतं. आशय असा, की संगणकाचं नुकसान होऊ नये म्हणून विंडोज बंद केलं आहे. भाषा रुक्ष, पण थांबण्याचं कारण सांगितलेलं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि ते वाक्य गेलं. त्या जागी एक उदास चेहरा आला, आणि सूर असा: आम्ही जरा माहिती गोळा करतोय, मग तुमच्यासाठी संगणक पुन्हा सुरू करू.

आमचा आक्षेप इथे आहे. इंग्रजीत ‘वुई’ एकच. मराठीत ‘आपण’ वेगळं, ‘आम्ही’ वेगळं. त्या वाक्यात ‘आपण’ घालून पाहा, बसत नाही. ‘आम्ही’च म्हणावं लागतं. म्हणजे ज्याचा संगणक, तोच वाक्याबाहेर.

कुणी म्हणेल, साध्या माणसाला तपशील कशाला? धीर दिला की पुरे. मग १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. पडदा म्हणत होता, पुन्हा सुरू करतो. संगणक सुरू व्हायचा आणि परत कोसळायचा. कितीतरी ठिकाणी माणसाने प्रत्यक्ष यंत्रापाशी बसून सदोष फाइल काढावी लागली. कोसळलेल्या ड्रायव्हरचं नाव अनेक पडद्यांवर होतं, पण खाली, बारीक अक्षरात. मोठ्या अक्षरात होता तो चेहरा. दिलेला धीर अशा वेळी दिशाभूल ठरतो.

२०२५ मध्ये विंडोज ११ ने तो चेहरा काढला, पडदा काळा केला, आणि त्रुटीचा संकेत व जबाबदार ड्रायव्हरचं नाव ठेवलं. हे चांगलंच झालं. पण जुनं वाक्य अजून परतलेलं नाही. मी का थांबलो, तुमचं काय वाचलं असेल नि काय गेलं असेल, आणि पुन्हा असंच झालं तर काय करायचं, एवढ्या तीन गोष्टी साध्या भाषेत सांगायला पडद्यावर भरपूर जागा आहे. त्या मागणं हा आपला हक्क आहे, असं आम्हाला वाटतं.

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ या.