आख्यायिका आणि वस्तुस्थिती : जॉन फोर्डच्या कर्तृत्वाचा प्रश्न

दिग्दर्शकाला चित्रपटाचा ‘कर्ता’ मानणाऱ्या समीक्षेपुढे जॉन फोर्ड (१८९४–१९७३) एक पेच उभा करतो. स्टुडिओव्यवस्थेच्या चाकोरीत राहून, बहुतांशी इतरांच्या पटकथांवर त्याने शंभराहून अधिक चित्रपट केले. दिग्दर्शनाचे ऑस्कर त्याला चार वेळा मिळाले. त्यांतले एकही वेस्टर्नसाठी नव्हते. तरीही त्याचे नाव वेस्टर्नशीच जोडले गेले आहे. चरित्रात याचा उलगडा शोधावा, तर तेही भरवशाचे नाही. मेन राज्यातील आयरिश स्थलांतरिताचा हा मुलगा, जॉन मार्टिन फीनी, आपले जन्मनाव वेगळेच सांगत असे. आख्यायिका रचण्याचे काम त्याने स्वतःपासूनच सुरू केले होते.

पीटर वोलेन यांनी १९६९ मध्ये संरचनावादी दृष्टीने फोर्डच्या चित्रपटांतील उद्यान आणि अरण्य या द्वंद्वाचे बदलते संबंध उलगडले. हे विवेचन मोलाचे असले, तरी निवेदनाचा प्रश्न त्यात मागे पडतो. ‘फोर्ट अपाची’च्या (१९४८) अखेरीस कर्नल थर्सडेच्या आततायी हल्ल्याला यॉर्क पत्रकारांसमोर शौर्याचे रूप देतो. ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’मध्ये (१९६२) सिनेटर स्टॉडर्ड खरी हकीकत सांगतो आणि संपादक ती छापण्याचे नाकारतो. परंतु दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाने वस्तुस्थिती पाहिलेली असते. पात्रे जे झाकतात, ते चित्रपट दाखवतो. फोर्डला केवळ आख्यायिकेचा पुरस्कर्ता ठरवणारे वाचन म्हणूनच अपुरे आहे. पात्राचे विधान हे संहितेचे विधान नव्हे.

मात्र या प्रामाणिकपणालाही मर्यादा आहेत. नावाहोंच्या भूमीवरील मॉन्युमेंट व्हॅलीत चित्रित झालेल्या ‘द सर्चर्स’मध्ये (१९५६) कोमांची नायक स्कारची भूमिका जर्मनीत जन्मलेल्या हेन्री ब्रँडनने केली, नावाहो तेथे कोमांचींच्या गर्दीत उभे राहिले. प्रायश्चित्ताच्या भूमिकेतून केलेल्या ‘शायान ऑटम’मध्येही (१९६४) प्रमुख शायान भूमिका रिकार्डो माँतालबान, गिल्बर्ट रोलंड, दोलोरेस देल रिओ यांच्याकडे गेल्या. म्हणजे गोऱ्यांची आख्यायिका आतून उसवली जाते. ज्यांच्या पराभवावर ती उभी आहे, त्यांना मात्र स्वतःची हकीकत सांगणारा निवेदक लाभत नाही.

तेव्हा फोर्डचे कर्तृत्व शोधायचे, ते आशयसूत्रांच्या पुनरावृत्तीपुरते नव्हे. सत्य कोणाला सांगितले जाते आणि ते सांगण्याचा अधिकार कोणाला नाकारला जातो, या वाटपातही ते शोधावे लागेल. ‘कर्ता’ ही संकल्पना येथे टाकून देता येत नाही. पण तिला गौरवाच्या जागेवरून उत्तरदायित्वाच्या जागी आणावे लागते.