पाणीवापर संस्था, 2005 चा कायदा आणि सहभाग मोजण्यातली एक चूक

मागच्या महिन्यात एका ज्युनियरने सिनॉप्सिस वाचायला दिला. विषय चांगला होता, बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंचन प्रकल्पांत शेतकऱ्यांचा सहभाग. नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा, तिन्ही घेतलेले. पण सहभाग मोजायचा कसा? तर नोंदणी झालेल्या पाणीवापर संस्थांची संख्या! हसू नका, पहिल्या वर्षी मी पण हेच केलं होतं.

आधी कायदा बघू. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, 2005. पूर्वी प्रत्येक शेतकरी सात नंबरचा अर्ज भरून विभागाकडे पाणी मागायचा आणि पाणीपट्टी पीक व क्षेत्र बघून लागायची. नव्या कायद्यात पाणी संस्थेला घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून मिळतं. ते सभासदांत कसं वाटायचं हे संस्था ठरवते. संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांना जागा आहेत. वाचायला फार छान वाटतं.

माझा आक्षेप असा की या कायद्याने शेतकऱ्यांची नवी संघटना उभी केली, पण विभागाची जुनी जशीच्या तशी ठेवली. कालवा निरीक्षक शाखाधिकाऱ्याला, तो उपविभागाला, तो कार्यकारी अभियंत्याला उत्तर देतो. पुच्छाच्या शेतकऱ्याला या साखळीतलं कोणीच बांधील नाही. आवर्तन कधी सोडायचं हे कालवा सल्लागार समितीत ठरतं, जिथे अध्यक्ष बहुतेक वेळा पालकमंत्री असतात. आणि चारीच्या तोंडाशी मोजमापाचं साधन नसेल किंवा बंद असेल, तर घनमापन कशाचं? संस्थेचा हक्क तिथेच संपतो. वसुलीची जबाबदारी तेवढी उरते.

शेरी अर्नस्टीन यांनी 1969 मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खाली नुसती दिशाभूल, मध्ये माहिती देणं आणि सल्लामसलत, वर खरा अधिकार. नोंदणीच्या आकड्यावरून संस्था कोणत्या पायरीवर आहे हे कळत नाही. पण शिडीतही एक अडचण आहे बरं का. ती सत्ताधारी आणि नागरिक असे दोनच गट धरते (स्वतः लेखिकेनेही हे मान्य केलंय). आपल्या कालव्यावर शीर्षाचा शेतकरी आणि पुच्छाचा शेतकरी यांचं हित एक नसतं.

मग सगळे वाघाडचं उदाहरण देतात. नाशिक जिल्ह्यातल्या या प्रकल्पावर 24 पाणीवापर संस्था आहेत आणि काम खरंच मोठं आहे. पण बापू उपाध्ये आणि समाज परिवर्तन केंद्राने तिथे कामाला सुरुवात केली ती कायद्याच्या कितीतरी वर्षं आधी. म्हणून 'कायदा आला, सहभाग वाढला' याला पुरावा म्हणून वाघाड चालणार नाही. उलट तिथल्या अनुभवानंतर कायदा आलाय. व्हायव्हामध्ये एखादा परीक्षक हेच पकडेल.

ज्युनियरला मी तीन गोष्टी बघायला सांगितल्या. संस्थेच्या इतिवृत्तात वाद नोंदवलेले आहेत की फक्त 'सर्वानुमते मंजूर'. पुच्छाच्या शेवटच्या गटाला पाणी कोणत्या तारखेला पोचलं. आणि संस्थेने मागणी केली म्हणून विभागाने आपलं वेळापत्रक एकदा तरी बदललं का. तिसऱ्यासाठी पत्रव्यवहाराची फाइल लागेल, माहिती अधिकाराचा अर्ज आत्ताच टाकून ठेवा.