‘बाहेर’ म्हणजे नेमकं कुठे?

‘वर्गाबाहेर शिकवल्याने प्राथमिक शाळेतल्या मुलांना फायदा होतो.’ हे वाक्य तुमच्या संशोधन आराखड्यात असेल, तर जरा थांबा. कसला फायदा? कशाच्या तुलनेत?

या विषयावर मिंग कुओ, मॅथ्यू ब्राउनिंग आणि मिल्बर्ट पेनर यांचा २०१८चा अमेरिकेतला अभ्यास बऱ्याचदा उद्धृत होतो. तिसरीचे दोन वर्ग, दहा आठवडे. तोच शिक्षक, तोच विषय. एक तास गवतावर, एक वर्गात. त्यानंतरच्या तासाला मुलांचं लक्ष किती टिकतं, ते पाहिलं. बाहेरून आल्यावर ‘इकडे लक्ष द्या’ म्हणत शिकवणं थांबवण्याची वेळ जवळपास निम्म्याने कमी आली. मला यातली तुलना आवडते. शिक्षकाच्या मतावरच न विसंबता, वर्गाचे फोटो त्रयस्थ व्यक्तींना दाखवून लक्ष किती आहे ते ठरवून घेतलं. फोटो कुठल्या तासानंतरचा, हे त्यांना माहीत नव्हतं.

पण मोजलं ते लक्ष. मुलं जास्त शिकली का, हे त्यातून कळत नाही. शिक्षक दोनच. शिवाय गवतावर जाताना मुलं चालली, जागा बदलली, मोकळी हवा मिळाली. मग परिणाम हिरवळीचा की नुसत्या बदलाचा?

हा प्रश्न नाशिकला द्वारका चौकात उभं राहून विचारा. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता इथे भेटतात. या परिसरातल्या शाळेला ‘मुलांना बाहेर न्या’ म्हणणं सोपं आहे. पण न्यायचं कुठे? निकाल हिरवळीचाच असेल, तर सिमेंटचं अंगण कामाचं नाही. नुसत्या बदलाचा असेल, तर ते अंगणही पुरेल. म्हणून दोन गट पुरणार नाहीत. वर्ग, अंगण आणि झाडांची जागा अशा तीन ठिकाणी तोच धडा घ्या.

आता आपल्याकडचं उदाहरण. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम १९५७मध्ये बोर्डीहून कोसबादला गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायची, शाळेत येऊ शकत नव्हती. म्हणून शाळाच कुरणात गेली. तीच कुरणशाळा. तिचं यश लक्षाच्या मोजपट्टीवर मोजलं तर मुद्दाच हातचा जाईल. तिचा प्रश्न होता, शिकायला कोण पोहोचतं?

‘बाहेरचं शिक्षण’ म्हणून ही दोन्ही उदाहरणं एकाच परिच्छेदात कोंबलेली मी पाहिली आहेत. सुरुवातीला मीही तेच केलं होतं. तुम्ही करू नका. कुओंचा अभ्यास द्वारकेतल्या शाळेला आशा देतो, पुरावा नाही. आणि या फरकाची किंमत मोजतात ती मुलं. अंगणावर भागतंय म्हणून झाडं नाकारली गेली, किंवा झाडं नाहीत म्हणून अंगणाचं दारही बंदच राहिलं, तर दोन्हीकडे नुकसान त्यांचंच.

तेव्हा आराखड्यातलं ते वाक्य खोडा. कोणती मुलं, कुठली जागा, काय मोजणार आणि कशाशी तुलना, एवढं लिहा. मग ‘फायदा’ हा शब्द वापरा.